आईच्या गोधडीला लागलेला लाल रंग कसा काढावा? (ब्लीच, हायड्रो, पेरॉक्साइड वगैरे)

नौपाडेकर

मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. आईने तीसेक वर्षांपूर्वी शिवलेली एक गोधडी आमच्याकडे आहे. वरच्या बाजूला तिच्या जुन्या सुती नऊवारींचे तुकडे आहेत, हिरवे, जांभळे आणि मधोमध एक गडद लाल. खालून पांढरं मांजरपाट. आई आता ८१ वर्षांची आहे, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणजे अशी दुसरी होणे नाही.

परवा पाऊस उघडला म्हणून मी ती मशीनला लावली, गरम पाण्यावर. बाहेर काढली तर मांजरपाट गुलाबी. घडीत लाल तुकडा जिथे दाबला गेला तिथे गडद डाग, बाकी फिकट.

घाबरून काल रात्री एका कोपऱ्यावर बाटलीतलं ब्लीच तसंच ओतलं आणि झोपले. गुलाबी गेलं. पण ब्लीच झिरपून वरच्या हिरव्या तुकड्याचं टोक मातकट पिवळं झालं, आणि सकाळी बोटाने दाबलं तर तिथलं मांजरपाट ओल्या कागदासारखं फाटलं. आईला अजून सांगितलेलं नाही. गोधडी ओलीच बादलीत आहे. जांभळी नाक्याजवळ एका दुकानात "हायड्रो घेऊन जा, सगळा रंग उडेल" असं सांगितलं. वापरू का?

कोपरी पूर्व

अरेरे! ताई, गोधडी वाळू देऊ नका, एवढं मला नक्की माहीत आहे. आमच्याकडे रंग जाऊ नये म्हणून नवी साडी मिठाच्या पाण्यात ठेवतात. ब्लीच पातळ करून त्यात थोडं व्हिनेगर घातलं तर ते चांगलं चालतं असंही एका व्हिडिओत पाहिलं होतं. करून बघा.

रबाळे रंगशाळा

कोपरीकर, राग मानू नका, पण व्हिनेगरचं आधी खोडून काढतो, कारण कोणी वाचून करून बसेल. ब्लीचमध्ये कुठलंही अ‍ॅसिड घालायचं नाही. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, संडास धुवायचं अ‍ॅसिड तर अजिबात नाही. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत गेला तर माणूस दवाखान्यात पोचतो. अमोनिया असलेलं काचा पुसायचं औषधही त्यात मिसळायचं नाही, त्याने क्लोरामाइन वायू तयार होतात.

मी ३१ वर्षं डाइंगमध्ये काढली. आधी भिवंडीकडे, मग रबाळ्याला. ताई, गोधडी ओली ठेवलीत हे फार बरं केलंत. फक्त ती बादलीत मुटकुळं करून ठेवू नका, आत्ताच भरपूर थंड पाण्यातून काढून मोकळी टांगा. गोळा करून ठेवलेल्या ओल्या कापडात रंग एका थरातून दुसऱ्यात चढत राहतो.

हायड्रो आणू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण हे समजलं की पुढचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

"रंग काढायचा" असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी आहेत. रंग धुऊन काढणं, रंग मारणं, रंग ओढून घेणं आणि रंग झाकणं. ब्लीच आणि हायड्रो दोन्ही रंग मारणारे. रंगाचा रेणू जिथे आहे तिथेच ते त्याला तोडतात. ब्लीच त्याला ऑक्सिडाइज करून तोडतं, हायड्रो उलट बाजूने, रिड्यूस करून. तुमच्या मांजरपाटावरचा नकोसा गुलाबी आणि आईच्या लुगड्याचा हवासा लाल हा एकच रंग आहे. त्या दोघांत फरक करायचं डोकं हायड्रोला नाही. बादलीत घालाल तर गुलाबी जाईल आणि लालही जाईल.

तुमचा हिरवा पिवळट का झाला तेही यातच आलं. हिरवा बहुतेक वेळा पिवळा आणि निळा मिळून केलेला असतो. ब्लीचपुढे निळा आधी पडला, पिवळा मागे उरला.

पण तुमचं नशीब असं, की मांजरपाटाला लागलेला रंग तिथे *चढवलेला* नाही, नुसता *बसलेला* आहे. डाइंगमध्ये रंग चढवल्यावर कापड साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढतात, त्याला आम्ही सोपिंग म्हणतो. धाग्याला न धरलेला रंग त्यात निघून जातो. तुमच्या लाल लुगड्याचं ते काम नीट झालं नसणार किंवा रंगच कच्चा असणार. काही असो, जे सुटून आलंय ते धुऊन निघण्यासारखं आहे. आधी धुवायचं, मारायचं शेवटी.

रबाळे रंगशाळा

कृती वेगळी देतो, म्हणजे सापडेल.

मोठं टब घ्या. पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, थोड्या पाण्यात रंग दाट होतो आणि परत पांढऱ्यावर बसतो. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम. उकळतं नको, आईच्या बाकी तुकड्यांचा भरवसा नाही. त्यात साधी धुण्याची पावडर. शिवाय एक जुना पांढरा सुती पंचा त्याच पाण्यात सोडा. गोधडी सतत हलवत राहा आणि पाणी गुलाबी झालं की ओतून द्या. रात्रभर भिजत टाकायची नाही. सगळेजण इथेच चुकतात. दर खेपेला ताजं पाणी, ताजी पावडर. पंचा गुलाबी व्हायचा थांबला की समजा लाल तुकड्यातला सुटा रंग संपला.

मिठाबद्दल: रंगाच्या पाण्यात मीठ घालतात ते रंग कापडाकडे ढकलायला. म्हणजे तुमच्या टबात मीठ टाकलंत तर गुलाबी मांजरपाटावर अजून घट्ट बसेल. तुरटी वनस्पतीज रंगांना धरून ठेवते, तीही रंगवायच्या आधी वा रंगवताना दिली तर. तयार साडीवर तिचा फार उपयोग नाही.

फाटलेल्या कोपऱ्यात ब्लीच अजून जिवंत असू शकतं. नुसत्या पाण्याने ते सगळं जात नाही. फोटोवाले वापरायचे ते हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, मिळालं तर अर्धा चमचा एक लिटर पाण्यात घालून कोपरा दहा मिनिटं बुडवा. नाही मिळालं तर व्हिटॅमिन सीची एक गोळी चुरून पाण्यात घाला, तीही क्लोरीन संपवते.

कोपरी पूर्व

मनापासून धन्यवाद काका. व्हिनेगरची ओळ मला संपादित करता येत नाहीये, म्हणून इथेच लिहिते: कोणी करू नका. आमच्या घरी फरशीला ब्लीच आणि लगेच संडासाला अ‍ॅसिड असं दर रविवारी चालतं, आणि सासूबाईंना खोकला येतो तो का हे आज कळलं.

घोडबंदर

गोधडीचं काकांनी सांगितलंच आहे. माझा अनुभव हळदीचा. हळदीकुंकवाच्या दिवशी पांढऱ्या कुर्त्यावर हळद सांडली, साबण लावला तर डाग लालभडक झाला. मला वाटलं कुर्ता गेला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, लाल होऊ दे, फक्त सावलीत वाळवू नको. ओला कुर्ता गच्चीत उन्हात टाकला आणि संध्याकाळपर्यंत डाग जवळजवळ नाहीसा. साबणात खार असतो आणि हळदीतलं कर्क्युमिन खारात लाल होतं. ऊन मात्र त्याला टिकू देत नाही. म्हणून डब्यातली हळदसुद्धा उजेडात ठेवली तर फिकी पडते.

धोबीआळी

उन्हाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचे आजोबा परीट. पांढऱ्या कपड्यांची भट्टी लागायची. खार लावलेले कपडे रात्रभर वाफेवर, सकाळी आपटून धुऊन तळ्याकाठच्या गवतावर ओले पसरायचे आणि वाळत आले की परत पाणी शिंपडायचं. हे पाणी शिंपडणं आमच्या वाट्याला असायचं. कपडा कोरडा होऊन पडला तर आजोबा ओरडायचे, "वाळवायला नाही टाकलंय, उजळायला टाकलंय!" ऊन, ओल आणि हवा तिन्ही मिळून काम होतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. परीटघडीचा सदरा पांढरा असायचा तो त्याच जोरावर, नीळ नंतर.

पाचपाखाडी

धोबीआळी, सुंदर लिहिलंत. युरोपातही हेच होतं. तागाचं कापड खारात उकळायचं, कुरणावर पसरायचं, मग आंबट दुधात बुडवायचं, परत कुरण. याला महिनोन्‌महिने लागत आणि चांगली शेतजमीन कापडाखाली अडकून पडे. १७७४ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू मिळवला. तो फुलापानांचा रंग घालवतो हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोलेने तो कापडावर वापरून दाखवला. पॅरिसजवळच्या जावेल गावी त्याचं पाणी तयार होऊ लागलं. फ्रेंच लोक अजूनही घरच्या ब्लीचला जावेलचं पाणीच म्हणतात. पण ते पाणी बाटलीत टिकेना आणि वाहून नेणं अवघड. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून कोरडी भुकटी केली आणि तिचं पेटंट घेतलं. आपल्या सोसायटीची टाकी धुवायला वॉचमन पिशवीतून आणतो ती ब्लीचिंग पावडर हीच.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. महिन्यांचं काम तासांवर आलं, पण कुरणावर कापड सहसा कुजत नसे. "थांबायचं कधी" हा प्रश्न क्लोरीनबरोबर आला.

रबाळे रंगशाळा

पाचपाखाडी, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या धंद्याचं सार आहे. ब्लीच बाथचा पीएच (आंबट-खारेपणाचं माप) आम्ही नऊच्या वर, साडेदहापर्यंत ठेवायचो, सोडा घालून. तो घसरत सातच्या आसपास आला की रंगाबरोबर कापूसही खायला लागतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कापड पांढरंशुभ्र दिसतं आणि ओढलं की फाटतं. ताईंच्या कोपऱ्यात वेगळं काही नाही, फक्त बाटलीतलं ब्लीच सरळ, आणि रात्रभर. घरात पांढऱ्या सुती कपड्यालाच ते वापरा, एक लिटर थंड पाण्यात दोन चमचे, दहा मिनिटं, आणि खूप पाण्याने धुवा. लोकर आणि रेशीम त्यात घालायचंच नाही, आधी पिवळं पडतं, मग विरघळतं. लायक्राच्या लेगिंगलाही नको. आणि पॉलिएस्टरला रंग लागला असेल तर ब्लीचने बहुतेक काही होत नाही, तो रंग धाग्याच्या पोटात शिरलेला असतो.

जुनी बाटली वापरून "काही होतच नाही" म्हणून दुप्पट ओतू नका. उन्हाने, उकाड्याने ब्लीचचा जोर कमी होत जातो. नवी बाटली आणली की तुमचा दुप्पटीचा हात तसाच राहतो आणि कपडा जातो.

हायड्रोचं आता सांगतो. सोडियम डायथायोनाइट. मी त्याच्याबरोबर जन्म घालवला, म्हणून जरा लांबेल. निळीच्या, म्हणजे इंडिगो रंगाच्या, हौदात आम्ही हेच घालायचो. नीळ पाण्यात विरघळत नाही. हायड्रो आणि कॉस्टिक घातलं की हौद निळ्याचा पिवळट-हिरवा होतो, वर तांब्यासारखी साय धरते. त्यात बुडवलेलं सूत बाहेर काढलं की पोपटी असतं, आणि हवा लागली की तुमच्या डोळ्यांदेखत, अर्ध्या मिनिटात, कडेकडून निळं होत जातं. नवीन पोरगा कामाला आला की त्याला आधी हे बघायला उभं करायचो. म्हणजे निळीच्या बाबतीत हायड्रोने रंग मेला नाही, फक्त लपला. पण आजचे बरेचसे लाल, केशरी, पिवळे अ‍ॅझो जातीचे आहेत. त्यांच्या मधल्या नायट्रोजनच्या जोडीवर हायड्रो घाव घालतं आणि ते दोन तुकडे परत जुळत नाहीत. एकाच डब्यातली एकच पावडर, एका रंगाला झोपवते आणि दुसऱ्याचा जीव घेते.

आणि पावसाळ्यात हे घरी आणून ठेवायची गोष्टच नाही. ओल लागली की हायड्रो स्वतःच तापतं आणि पेटतं. जुलै महिन्यात अर्धवट झाकलेल्या ड्रमवर छपरातून गळलं आणि गंधकाचा धूर निघाला, हे मी उभं राहून पाहिलंय. वर पाणी मारायला धावलेल्या मुलाला मीच मागे ओढला.

वाशी मार्केट

हायड्रो म्हटल्यावर कान टवकारले. आमचा गुळाचा व्यापार, तीन पिढ्या. गिऱ्हाईकाला पिवळाधमक गूळ हवा असतो. उसाचा रस मुळात काळपट हिरवा. जुने गुऱ्हाळवाले रानभेंडीचा चीक घालतात. भेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळलं की बुळबुळीत रस निघतो, तो कढईत पडला की मळी धरून वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. याने रंग मरत नाही, घाण निघते म्हणून गूळ उजळतो. हायड्रो टाकणारे रंगच मारतात. असा गूळ आणताना सोन्यासारखा आणि ठेवला की पुन्हा काळवंडायला लागतो. आम्ही घ्यायच्या आधी ढेप फोडून हुंगतो. गंधकाचा वास नाकाला कळतो. माझं स्पष्ट मत आहे, घरच्यांना तांबूस गूळ द्या. दम्याच्या माणसाने तर जपावंच, सल्फाइटचा त्रास होणारे आहेत.

पांढरी साखरही गंधक जाळून केलेल्या वायूनेच उजळतात, आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत, चुन्याच्या जोडीने. रिफाइंड साखरेला कोळशातून किंवा रेझिनमधून काढतात.

घणसोली

कोळशावरून आठवलं. काका म्हणाले ते "रंग ओढून घेणं" आमच्या मुलीने आठवीच्या प्रकल्पात केलं होतं. तीन ग्लास, तिन्हीत लाल शाईचं पाणी. एकात ब्लीचचे थेंब, दुसऱ्यात माशांच्या टाकीत घालतात तो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, तिसरा तसाच. ब्लीचचा ग्लास लगेच पांढरा झाला. कार्बनचा तासाभरानेही लालच, पोरगी रडकुंडीला आली. मग तिने दाणे खलबत्त्यात कुटले, ढवळून फडक्याने दोनदा गाळलं, आणि पाणी स्वच्छ. दाणे तेवढेच, पण भुगा केल्यावर रंगाला चिकटायला जागा वाढली. परीक्षकांनी विचारलं, "रंग कुठे गेला?" ती म्हणाली, "पहिल्या ग्लासात तो आता नाहीच, दुसऱ्यात तो या फडक्यात आहे." दुसरा नंबर आला.

रबाळे रंगशाळा

वा! त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. खाण्याच्या तेलाचंही तसंच. रिफायनरीत त्याला ब्लीचिंग म्हणतात, पण तिथे क्लोरीन-बिरीन काही नसतं. मुलतानी मातीच्या जातीची माती तापलेल्या तेलात फिरवतात, ती रंग धरते, मग गाळतात. कंपन्यांच्या रंगीत सांडपाण्यालाही शेवटी कोळसा किंवा ओझोन लागतो. नाल्यात सोडायच्या आधी त्यात नुसतं ब्लीच ओतून पाणी पांढरं दाखवणं ही फसवणूक आहे. रंग दिसेनासा होतो, तुकडे पाण्यातच राहतात, वर क्लोरीनची भर. मी नोकरीत असताना यावरून भांडलो आहे आणि आजही भांडेन.

कळवा खाडी

माझा एक प्रश्न. मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर बोअरच्या पाण्याचे तांबूस डाग पडलेत. ब्लीच लावलं तर जास्तच गडद झाले?

रबाळे रंगशाळा

ते लोखंड. ब्लीचने गंज जात नाही, उलट पक्का होतो. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा. नाही गेलं तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, अगदी पातळ, हातमोजे घालून, मुलांपासून लांब, ते विषारी आहे. आणि आधी शर्टातलं ब्लीच पूर्ण धुऊन काढा. वर काय लिहिलंय ते विसरू नका.

नौपाडेकर

तुम्हा सगळ्यांना नमस्कार. दोन दिवस गायब होते कारण टबापाशीच होते.

सात पाणी झाली. पहिलं पाणी रसना सरबतासारखं, तिसऱ्यापर्यंत गुलाबी, सहाव्याला पंचा गुलाबी झालाच नाही. पंचा मी टाकलेला नाही. मांजरपाटावरचा फिकट गुलाबी पूर्ण गेला. घडीतले डाग राहिलेत, पण पुसट. लाल तुकडा थोडा उतरला. हिरवा तसाच. कोपऱ्याला व्हिटॅमिन सीचं पाणी दिलं.

काका, उरलेल्या डागांना मेडिकलमधलं पेरॉक्साइड लावू का? त्यावर ६ टक्के लिहिलंय.

रबाळे रंगशाळा

शाब्बास ताई! पेरॉक्साइड ब्लीचपेक्षा सौम्य आहे, आणि मागे विष उरत नाही, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. मिलमध्ये कोऱ्या कापडाला आम्ही तेच वापरायचो. पण गोधडीत थर आहेत, खाली झिरपलं तर वरच्या तुकड्यांना लागेल. तितकंच पाणी घालून अर्धं करा, चिमूटभर धुण्याचा सोडा, कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर, नुसतं ओलसर होईल इतकं. आधी कुठल्या तरी कडेला थेंब लावून बघा. मग पांढरी बाजू उन्हाकडे करून टांगा. ऊन नसेल त्या दिवशी करू नका. दोनदा करून गेलं नाही तर सोडून द्या. तिसऱ्यांदा करू नका.

नौपाडेकर

काल ऊन पडलं, दोनदा केलं. एक डाग गेला, एक राहिला, रुपयाच्या नाण्याएवढा. तिसऱ्यांदा केलं नाही.

शेवटी आईला दाखवली. मला वाटलं रागवेल. तिने आधी लाल तुकड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, हे लुगडं पहिल्यांदा धुतलं तेव्हा तुझ्या आजोबांचं धोतर असंच गुलाबी झालं होतं, म्हणून तर ते नेसायचं सोडून गोधडीत घातलं.

फाटलेल्या कोपऱ्याला मी नवं मांजरपाट लावते आहे. आई शेजारी बसून सांगते, धावदोरा कडेने आत आण, मधून सुरू करू नको. दोरा मी ओवते, गाठ तीच मारते.

धोबीआळी

नवं मांजरपाट लावायच्या आधी गरम पाण्यातून काढा बरं का ताई. कोरं कापड आटतं, आणि ठिगळ ओढलं जातं.

नौपाडेकर

काढलं. दोनदा.